देवघरातला राउटर

आमच्या घरी राउटर देवघरात होता. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून कारण आधीच सांगून टाकतो. नऊ वर्षांपूर्वी फायबरवाला आला तेव्हा खांबावरची वायर ज्या झरोक्यातून सरळ आत येत होती, तो झरोका देवघराचा निघाला. इन्व्हर्टरवर चालणारा प्लगही साऱ्या घरात एकच, आणि तोही देवघरात. करंट गेला तरी देवापुढचा बारीक बल्ब विझू नये असा अण्णांचा आग्रह होता. फायबरवाल्याने चप्पल बाहेर काढली, झरोक्याखाली पांढरा डबा ठोकला, शेजारच्या फळीवर राउटर ठेवला आणि तीर्थ घेऊन निघून गेला.

अण्णा म्हणजे माझे वडील, भीमाचार्य. बसवनगुडीच्या एका शाळेत पस्तीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. आम्ही बेंगळुरूत किती पिढ्यांपासून आहोत हे अण्णांना नावानिशी सांगता येतं, मला येत नाही. घर चामराजपेटेत, तळमजल्यावर, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली इमारती. घरात आम्ही जी मराठी बोलतो ती पुण्याच्या माणसाला अर्धी कन्नड वाटते. माझं नाव रघुनंदन. मोठमोठ्या ऑफिसांची नेटवर्कं चालती ठेवणं हा माझा व्यवसाय. स्वतःच्या घरचा राउटर मात्र मी नऊ वर्षं बदलला नाही. आता हसायला हरकत नाही.

आमच्या देवघरात मडी चालते, म्हणजे सोवळं. आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बायकांनी महिन्यातले ते तीन दिवस उंबऱ्यापाशीही फिरकायचं नाही. राउटर बिचारा यातलं काही न जाणणारा. तो दिवसातून दोनदा तरी अडकायचा. मग कुणीतरी आत जायचं, बटण बंद करायचं, दहा आकडे मोजायचे आणि परत चालू करायचं.

शलाका, माझी बायको, पुण्याची. व्हाइटफील्डला नोकरीसाठी आली, तिथेच आमची ओळख झाली. लग्नाआधी ती स्वतः अण्णांसमोर बसली आणि म्हणाली, "मी स्वयंपाकघरात रोज जाणार, त्यात तीन दिवस वगैरे नाही चालणार मला. देवघर तुमचं. तिथे त्या दिवसांत मी येणार नाही." अण्णा डोळे मिटून म्हणाले, "सरी." म्हणजे, ठीक आहे. पाच वर्षं दोघांनीही शब्द पाळला. मला दोघांचाही अभिमान वाटायचा. तो करार होताना राउटर कुणाच्याच लक्षात नव्हता. माझ्या असायला हवा होता.

शलाका घरून काम करायची. एरवी राउटर अडकला की ती स्वतः उठून आत जायची. पण त्या तीन दिवसांत तिला हाक मारावी लागायची, "अण्णा, जरा राउटर." ती हाक मारते याचा अर्थ घरात सगळ्यांना कळायचा. एकदा मठातले दोन आचार्य अण्णांकडे आले होते आणि हॉलमध्ये कॉफी चालली होती. आतून हाक आली. अण्णा उठून देवघरात गेले. त्या दोघांपैकी एकाने आपली खुर्ची हातभर मागे सरकवली, शलाकाच्या खोलीच्या दारापासून दूर. ते मी पाहिलं आणि शलाकानेही पाहिलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "रघू, माझ्या पाळीची बातमी हा राउटर गावभर सांगतो."

"मग जात जा ना आत," मी म्हणालो. "कुणाला कळतंय?"

"म्हणजे खोटं बोलून, चोरासारखी? शब्द मी दिलाय, तू नाहीस दिलेला. मला तो राउटर बाहेर हवाय. बास, एवढंच."

"मी बोलतो अण्णांशी."

हे वाक्य मी पाच वर्षांत किती वेळा म्हणालो असेन याची गणती नाही. बोललो एकदाही नाही. अण्णा रागीट आहेत असं कुणाला वाटेल तर तसं नाही. ते रागावत नाहीत, जेवण कमी करतात. दोन पोळ्यांची एक होते आणि ती कशामुळे झाली हे घरात प्रत्येकाला ठाऊक असतं. मी त्या एका पोळीला भीत होतो. आणि खरं सांगायचं तर हा विषय वडिलांसमोर काढायची मला लाज वाटत होती. शलाकाला नव्हती, पण तिला वाटायचं की हे माझ्या तोंडून यायला हवं. तिचं बरोबर होतं.

गेल्या वर्षी तिच्या कंपनीत टीम लीडची जागा निघाली. लीडला घरून काम करायची मुभा होती, पण घरची लाइन भक्कम हवी, कारण लीडच कॉलवरून गायब झाला तर टीम काय करणार? शलाका आधीच दोनदा महत्त्वाच्या कॉलमधून मध्येच गायब झाली होती आणि तिच्या मॅनेजरने, त्रिविक्रमने, ते लिहून ठेवलं होतं. त्याने तिला स्पष्टच सांगितलं, घरून जमत नसेल तर रोज व्हाइटफील्डला यावं लागेल. आमच्याकडून मार्केटचं मेट्रो स्टेशन, मॅजेस्टिकला गाडी बदलायची, मग के. आर. पुरम ओलांडून थेट शेवटपर्यंत. घरापासून टेबलापर्यंत दीड तास, परत येताना तेवढाच.

तिला ती जागा हवी होती, घरूनच हवी होती. आणि मला ती घरी हवी होती. आम्ही दोघंही घरून काम करायचो आणि दुपारी एक वाजता आपापले लॅपटॉप मिटून समोरासमोर जेवायला बसायचो. अर्धा तास. ती त्रिविक्रमची नक्कल करायची, मी पोट धरून हसायचो. माझ्या दिवसातली सर्वांत आवडती वेळ तीच होती आणि ती मला जाऊ द्यायची नव्हती.

शेवटी युक्ती शलाकानेच काढली. "नवा राउटर घ्यायचा म्हणून सांगू. नवीन स्टँडर्डचा. त्याचा वेगवान सिग्नल भिंतीतून नीट जात नाही, हे खरंच आहे ना?"

"खरं आहे. पाच गिगाहर्ट्‌झचा सिग्नल भिंतीला बिचकतो."

"आणि देवघराची भिंत दगडी. म्हणजे नवा राउटर हॉलमध्येच ठेवावा लागणार. टेक्निकल कारण. दुसरा काही विषयच काढायचा नाही."

मला युक्ती फार आवडली. मला काही बोलावं लागणार नव्हतं ना.

रविवारी जेवणानंतर तिने अण्णांना समजावलं. आपला राउटर वाय-फाय फोर आहे, नऊ वर्षांपूर्वीचा. एका वेळी चार-पाच उपकरणं त्याला झेपतात. आता घरात अकरा आहेत, तुमचा टॅब धरून. सध्या वाय-फाय सिक्स सगळीकडे आहे आणि सेव्हनही आलाय.

"मग पाच कुठे गेला?" अण्णांनी विचारलं.

"तो येऊन गेला अण्णा, आपण घेतला नाही."

अण्णांना हे पटलं. त्यांच्या टॅबवर मंत्रालय गावच्या मठातलं प्रवचन अडखळत यायचं, स्वामींचं तोंड उघडंच राहायचं. "घ्या की," ते म्हणाले. "चांगला घ्या. हॉलमध्ये ठेवायचा म्हणता, सरी, ठेवा."

आई कोपऱ्यात शेंगा सोलत होती. तिने मान वर करून शलाकाकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगांत लक्ष घातलं. अहल्या तिचं नाव. आमच्या घरात तिचं मत कुणी विचारत नाही, मीही नाही.

राउटर आला. चार अँटेना, काळाभोर, वाय-फाय सिक्स. अण्णांनी राहुकाळ टाळून बुधवारची सकाळ दिली आणि राउटरला कुंकवाचं बोट लावलं. मी आंघोळ करून, पंचा नेसून तो जोडायला बसलो. फायबरचा डबा देवघरात, त्यामुळे पहिली जोडणी तिथेच छोट्या वायरने केली. सेटिंग झालं की बाहेर हलवू असा विचार. नाव जुनंच ठेवलं, पासवर्ड जुनाच ठेवला, म्हणजे प्रत्येक फोनवर नव्याने टाकायला नको. सुरक्षेचं सर्वांत नवं स्टँडर्ड चालू केलं. लगेच अण्णांचा जुना टॅब बाहेर पडला, त्याला ते कळेना. मग जुन्या आणि नव्या दोघांनाही चालेल असं मधलं सेटिंग लावलं. दहा मिनिटांचं काम.

आणि मग मी ती घोडचूक केली. माणसाला आपल्या कामाचं कौतुक असतं. राउटर देवघरातच असताना मी फोन घेऊन घरभर वेग मोजत फिरलो. हॉलमध्ये उत्तम, आमच्या खोलीत उत्तम, मागच्या मोरीतसुद्धा उत्तम. दगडी भिंत असून! चार अँटेनांचा परिणाम. मी फोन नाचवत अण्णांपुढे गेलो. "बघा अण्णा! मोरीत चारशे!"

अण्णांनी चष्मा लावून आकडा पाहिला. "भारीच की रे! मग हलवायचा कशाला? आहे तिथे छान चाललाय. इन्व्हर्टर पण आहे."

शलाका दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. आता बोल, असा तो सरळ अर्थ होता. मी म्हणालो, "स्वल्प दिवस बघू या, अण्णा." ती आत निघून गेली. रात्री तिने मला एवढंच विचारलं, "मोरीत वेग कुणाला हवा होता?"

नवा राउटर महिनाभर एकदाही अडकला नाही. मीही मनात म्हणालो, आता हाक मारायची वेळच येणार नाही, प्रश्न सुटला. असे आपोआप सुटणारे प्रश्न मला फार आवडतात.

मुलाखत गुरुवारी सकाळी साडेनऊला होती. समोर त्रिविक्रम, शिवाय सिंगापूरचे दोघे. नऊ पंचविसाला शलाका इस्त्रीचा कुर्ता घालून लॅपटॉपसमोर बसली आणि नऊ सत्तावीसला नेट गेलं. नव्या राउटरने स्वतःहून नवं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं आणि परत सुरू होताना मध्येच अडकला होता. फोनवरच्या ॲपला तो सापडेना. बटण बंद करून चालू करणं, एवढंच काम होतं.

शलाकाचा तो दुसरा दिवस होता. गुरुवार म्हणून आई मठात गेलेली. अण्णा देवघरात पूजेला बसलेले. पूजेत ते एक शब्द बोलत नाहीत आणि अर्ध्यातून उठत नाहीत. राहिलो मी. मी सहापासून एका बिघाडाच्या कॉलवर होतो आणि अजून आंघोळ केलेली नव्हती.

नेटवर्कमध्ये बारा वर्षं काढलेला माणूस राउटरपासून सात पावलांवर उभा होता आणि त्याला हात लावू शकत नव्हता. मी "दोन मिनिटं!" म्हणून मोरीकडे धावलो. हो, न आंघोळ करता आत गेलो असतो तर आभाळ कोसळलं नसतं. त्या क्षणी ते मला सुचलंही नाही, इतका मी त्या घरचा आहे.

बादलीत पाणी पडत असताना मला अण्णांचा आवाज ऐकू आला आणि मी नळ बंद केला. अण्णा पूजेत बोलत होते. माझ्या अडतीस वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकलं.

"शलाका, ये आत. येऊन करून घे. राउटरपुरतं चालेल."

मी दार किलकिलं करून पाहिलं. शलाका उंबऱ्यापासून लांबच उभी होती. अण्णा पळी हातात धरून तिच्याकडे बघत होते आणि ते अगदी मनापासून म्हणत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नको अण्णा," ती म्हणाली.

तिने लॅपटॉप उचलला, फोन घेतला आणि बाहेरच्या जिन्याने गच्चीवर गेली. आमच्या घरात मोबाइलची एक काडी येते, गच्चीवर तीन. पण शेजारच्या इमारतीत खालीच लोखंडी कपाटं बनवणाऱ्यांचं दुकान आहे आणि तिथे नऊपासून पत्र्यावर हातोडा चालतो. मी तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून, ओल्या पंच्यानिशी देवघरात शिरलो, बटण बंद केलं, दहा मोजले, चालू केलं. हिरवा दिवा लागला. वरती "आलं, आलं!" म्हणून ओरडलो तेव्हा ती बोलायला लागलेली होती. तिने न बघताच हाताने थांब अशी खूण केली.

पाऊण तासाने ती खाली आली तेव्हा अण्णा हॉलमध्ये बसले होते. पूजा आटोपली होती. आईही मठातून आली होती, पिशवी अजून हातातच. अण्णा दुखावले होते, स्पष्ट दिसत होतं.

"मी पूजेत तोंड उघडलं," ते म्हणाले. "ये म्हटलं. तरी आली नाहीस. का ग?"

शलाका शांतपणे म्हणाली, "पाच वर्षांत एकदाही तुम्ही मला त्या दिवसांत आत ये म्हणाला नाहीत, आणि मी मागितलंही नाही. ठरलंच होतं तसं. आज मशीन अडकलं म्हणून लगेच चालतं. म्हणजे मशीनसाठी चालतं, माझ्यासाठी नाही. मला वाईट वाटलं अण्णा. खूप वाईट वाटलं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

तेवढ्यात आई बोलली. "आमच्या वेळी राउटर नव्हता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. "असता तर मलाही एकदा ये म्हणाला असतात."

शेजारी हातोडा चालूच होता. मग अण्णा उठले, देवघरात गेले आणि प्लग न काढताच राउटर उचलायला लागले. मी धावत जाऊन त्यांना थांबवलं.

"अण्णा, असं नाही. फायबरचा डबा तिथेच राहतो. तिथून हॉलपर्यंत वायर ओढली की झालं. इन्व्हर्टरचा एक्स्टेन्शनही काढता येतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग नवा कशाला घेतला?"

मी आमच्या खोलीतल्या कपाटातून वायर आणली. पंधरा मीटर, गुंडाळलेली, प्लास्टिक न फोडलेली. अण्णांनी एक टोक धरलं, मी चौकटीच्या कडेने ती बसवत बाहेर आलो. आईने टीव्हीच्या शेजारची बाहुल्यांची फळी रिकामी करून दिली. वीस मिनिटं लागली असतील. पाच वर्षांचं काम वीस मिनिटांत झालं आणि अण्णांनी दुपारी दोन पोळ्या खाल्ल्या.

वायर बसवत असताना शलाका ते फाटलेलं प्लास्टिक हातात घेऊन बघत होती. पिवळं पडलेलं होतं.

"ही कुठे होती?"

"कपाटात. वरच्या कप्प्यात."

"कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिच्यासमोर मला ते कधी जमलेलं नाही. "लग्नाच्या आधीपासून," मी म्हणालो.

तिने प्लास्टिकची घडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग म्हणाली, "त्यांना हातोडा ऐकू येत होता. त्रिविक्रमने विचारलं, घरून जमणार आहे का तुला? मी सांगितलं, नाही जमणार. रोज ऑफिसला येईन."

"पण आता तर राउटर बाहेर..."

"आता आलाय रघू. मला त्यांना साडेनऊला सांगायचं होतं."

जागा तिला मिळाली. आता ती सकाळी साडेसातला निघते आणि रात्री आठला येते. दुपारी एक वाजता मी जेवायला बसतो, आई वाढते, अण्णा हॉलमध्ये प्रवचन लावतात आणि स्वामी एकदाही अडखळत नाहीत. घरातलं नेट इतकं चांगलं कधीच नव्हतं. ते वापरायला दिवसभर मी आणि अण्णांचा टॅब.

मागच्या महिन्यात त्रिविक्रमने तिला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायला सांगून पाहिलं, ती नको म्हणाली. मला हे तिच्या मैत्रिणीकडून, सुचेताकडून कळलं. रात्री मी तिला विचारलं, दीड तास जायला, दीड तास यायला, कशाला एवढा त्रास करून घेतेस?

ती उद्याचा डबा धुऊन पालथा घालत होती. "त्रास आहेच," ती म्हणाली. "पण तिथे माझे तीन दिवस कुणाला माहीत नसतात. किती बरं वाटतं, तुला नाही कळायचं."